‘इंटरनेट : शाप की वरदान?’ याऐवजी मुलांना एक रॅक लिहायला द्या



आठवी ते दहावीच्या वर्गांना आपण वर्षातून एकदा तरी हा विषय देतोच. ‘इंटरनेट : शाप की वरदान?’ नाहीतर ‘माहिती तंत्रज्ञानाचे युग’. मुलंही ठरलेलं लिहितात. आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे. इंटरनेटमुळे जग जवळ आले आहे. एका क्लिकवर सारे काही मिळते. परंतु प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात. शेवटी ‘अति तेथे माती’, आणि आपण दहापैकी सात गुण देऊन वही मिटतो.

चाळीस वह्या तपासल्या तरी एकाही वहीत इंटरनेट नावाची वस्तू सापडत नाही. ते कुठे असतं, कशातून येतं, कोण बसवतं, त्याला वीज कुठून मिळते, ते तापतं का, यातलं काहीच नाही. ज्या गोष्टीवर मूल दोन पानं लिहितं, तिच्यातला एक स्क्रूसुद्धा त्याने पाहिलेला नसतो. आणि याला आपण ‘वैचारिक लेखन’ म्हणतो!

माझं म्हणणं सरळ आहे. एक वर्ष हा विषय बाजूला ठेवा. त्याच्या जागी मुलांना असं लिहायला द्या : ‘टेलिफोन एक्स्चेंजमधल्या रॅकमध्ये नेटवर्कचा चासिस कसा बसवतात?’ आणि हे मराठीच्या तासाला द्या. विज्ञानाच्या नाही, कार्यानुभवाच्याही नाही.

हसू नका. आधी ही वस्तू काय आहे ते बघू.

चासिस म्हटलं की आपल्याकडे ट्रकची चासी आठवते, आणि ते बरोबरच आहे. ट्रकची चासी म्हणजे इंजिन, केबिन, हौदा ज्याच्यावर बसतो तो सांगाडा. नेटवर्कचा चासिस म्हणजे पत्र्याची एक भक्कम पेटी. तिला खण असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. एकेका खणात एकेक कार्ड सरकवायचं. कुठलं कार्ड फायबरच्या तारा घेतं, कुठलं सगळ्यांवर देखरेख ठेवतं. वीजपुरवठ्याचे ठोकळे वेगळे, पंख्यांचा ट्रे वेगळा. आत एक मोठा सर्किट बोर्ड असतो, त्याला बॅकप्लेन म्हणतात. सगळी कार्डं त्यात रुततात आणि त्याच्यातूनच एकमेकांशी बोलतात. एखादं कार्ड बिघडलं तर तेवढंच काढून दुसरं घालतात, बाकीची पेटी चालूच राहते. सुट्या भागांची, म्हणून तिला मॉड्युलर म्हणतात.

एक खरा नमुना घ्या. जुनिपर कंपनीचा एमएक्स ९६० हा चासिस मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी वर्षानुवर्षं वापरला आहे. त्याला १४ खण आहेत. रिकाम्या पेटीचं वजन सुमारे ६८ किलो, आणि सगळं भरल्यावर सुमारे १५८ किलो. म्हणजे रिकामी असताना एका धडधाकट माणसाएवढी आणि भरल्यावर सिमेंटच्या तीन पोत्यांपेक्षा जड. ‘इंटरनेट हवेतून येतं’ म्हणणाऱ्या मुलाला एवढे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवा. वर्गात लगेच प्रश्न येतो, “मग ते उचलतं कोण?” माझ्या मते दोन पानांच्या ‘शाप की वरदान’पेक्षा हा एक प्रश्न जास्त वैचारिक आहे.

आता कुणी म्हणेल, कृतीच लिहायची तर साबुदाण्याच्या खिचडीची लिहा की. लिहितोच आपण, पाचवी-सहावीत. पण खिचडी माफ करते. मीठ आधी घातलं काय, नंतर घातलं काय, खाता येते. शिवाय खिचडी सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे मूल निम्म्या पायऱ्या गाळतं आणि वाचणारा मनातल्या मनात त्या भरून घेतो. रॅकचं काम माफ करत नाही. आणि वाचणाऱ्याला ते माहीत नसतं, म्हणून लिहिणाऱ्याला सगळं सांगावंच लागतं. भाषेच्या शिक्षकाला आणखी काय हवं?

कामाचा क्रम सांगते. हे सगळं मी मुलांना दोन पानांच्या टिपणात देते, चित्रांसह.

पहिली गोष्ट माप. रॅक म्हणजे दोन किंवा चार उभ्या लोखंडी पट्ट्यांची चौकट. त्यात बसणाऱ्या उपकरणाच्या पुढच्या पाटीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. जगभर हेच माप चालतं. उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. खरी गंमत पट्टीवरच्या भोकांत आहे. ती समान अंतरावर नसतात. एक अंतर ५/८ इंच, पुढचं ५/८ इंच, त्याच्यापुढचं १/२ इंच, आणि मग पुन्हा तेच चक्र. सातवीच्या मुलाला बेरीज करायला सांगा. पाच अष्टमांश अधिक पाच अष्टमांश अधिक चार अष्टमांश, झाले चौदा अष्टमांश, म्हणजे पावणेदोन. एक यू! अपूर्णांकांची बेरीज कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर मला फार आवडतं. डाव्या पट्टीवर मोजताना एका भोकाने चुकलात आणि उजवीकडे बरोबर मोजलंत, तर पेटी तिरकी होते नाहीतर स्क्रूच लागत नाही. आणि हे कळतं कधी? ६८ किलोची पेटी हवेत धरलेली असताना.

म्हणून उचलण्याआधीच दोन्ही पट्ट्यांवर खालून भोकं मोजून खडूने नाहीतर पेन्सिलने खूण करतात. चौकोनी भोकं असतील तर त्यात केज नट बसवतात. हा चौकोनी पिंजऱ्यातला नट, पट्टीच्या मागून दाबून अडकवायचा. बोट सोलून निघायची हमखास जागा. एमएक्स ९६० ची उंची १६ यू धरतात. १६ गुणिले ४४.४५ केलं की ७११.२ मिलिमीटर येतात. पेटी प्रत्यक्षात भरते सुमारे ७०५. हे सहा मिलिमीटर कुठे गेले? मुद्दाम सोडलेत, वरच्या-खालच्या शेजाऱ्याला घासू नये म्हणून. गणिताच्या सरांना ही फट दाखवा, ते त्यावर आणखी चार उदाहरणं करतील.

दुसरी गोष्ट रॅक स्वतः. तो जमिनीला बोल्टने घट्ट धरलेला आहे का, सरळ उभा आहे का, हे आधी बघायचं. आमच्या वर्गात गवंड्यांची तीन मुलं आहेत. त्यांना ओळंबा आणि पाणसळ सांगावी लागली नाही, उलट त्यांनीच बाकीच्यांना समजावून सांगितलं. मग जड वस्तू तळाला. रॅक रिकामा असेल तर चासिस सगळ्यात खाली बसवायचा. काही उपकरणं आधीच असतील तर खालून वर भरत जायचं, जड खाली आणि हलकं वर. वर जड ठेवलं तर रॅक माणसावर कोसळू शकतो. बैलगाडीत किंवा टेंपोत माल भरताना घरी हेच करतात, मुलांना पटकन पटतं.

तिसरी, पेटी रिकामी करणं. कार्डं, वीजपुरवठ्याचे ठोकळे, पंख्यांचे ट्रे, सगळं बाहेर काढून प्रत्येक खणाचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि मग पेटी उचलायची. मोठी पेटी असेल तर हाताने नाहीच, उचलायच्या यंत्रावर घेऊन रॅकसमोर आणायची. छोटी असेल तर किमान दोघांनी, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून. आणि पंख्याच्या ट्रेच्या किंवा वीजपुरवठ्याच्या कडीला धरून पेटी कधीच उचलायची नाही. ती कडी तेवढा भाग ओढून काढायला असते, पेटीचं वजन पेलायला नाही. दिसायला सगळ्याच कड्या सारख्या. आधी कंसावर पेटी टेकवायची, मागे सरकवायची, मग सगळे स्क्रू नुसते धरवायचे आणि सगळे धरले की मगच आवळायचे. पहिलाच स्क्रू आवळून टाकला तर शेवटच्याचं भोक जुळत नाही. घरी कपाट जोडलेल्या कुणालाही विचारा.

चौथी गोष्ट अर्थिंग, आणि माझ्या मते हाच या धड्याचा गाभा. चासिस रॅकमध्ये बसला की त्याला सगळ्यात आधी जमिनीची तार जोडतात. वीज नंतर. आणि पुढेमागे चासिस काढायचा झाला तर जमिनीची तार सगळ्यात शेवटी सोडवतात. जोडताना पहिली, सोडताना शेवटची. ‘का?’ विचारा. मुलं दोन मिनिटांत पोचतात. वीज जोडलेली असण्याच्या पूर्ण काळात ती तार असलीच पाहिजे, आधीही आणि नंतरही. हे ज्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, त्याला ‘जोपर्यंत… तोपर्यंत’ हा वाक्यप्रकार वेगळा शिकवावा लागत नाही.

मग वीज. टेलिफोनच्या जगात घरासारखे २३० व्होल्ट नसतात, बॅटरीवर चालणारे उणे ४८ व्होल्ट असतात. उणे अशासाठी की तिथे धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. जमिनीतल्या ओलीत तांब्याच्या तारा गंजून झिजू नयेत म्हणून जुन्या टेलिफोनवाल्यांनी ही रीत पाडली, ती आजही चालू आहे. ४८ व्होल्ट ऐकून मुलांना वाटतं, मग भीती नाही. इथे भागाकार करायला लावा. समजा पेटी ४८०० वॅट खाते. २३० व्होल्टवर ती सुमारे २१ अँपिअर ओढेल, ४८ व्होल्टवर १०० अँपिअर. एवढ्या प्रवाहाच्या टोकांवर हातातलं कडं किंवा अंगठी टेकली तर ती तापून लाल होते, जागच्या जागी चिकटूही शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवायची. ब्रेकर बंद करून त्याच्या दांडीवर टेप चिकटवायची, म्हणजे दुसरा कुणी येऊन नकळत चालू करणार नाही. तारा जोडायचा क्रम ठरलेला : आधी जमीन, मग परतीची, मग उणे ४८. आणि वीज दोन वेगळ्या वाटांनी आणायची, एक वाट गेली तरी दुसरी राहावी म्हणून.

पाचवी, कार्डं परत बसवणं. त्याआधी मनगटाला एक पट्टी बांधून तिची तार चासिसच्या ठरवून दिलेल्या जागी लावतात. हिवाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराची कडी धरली की चटका बसतो ना, ती स्थिर वीज. आपल्याला जाणवायला ती साधारण ३००० व्होल्टची लागते, आणि कार्डावरचा नाजूक भाग त्याहून कितीतरी कमी, शेकड्यातल्या व्होल्टनेही मरू शकतो. म्हणजे आपल्याला काही जाणवलं नाही तरी नुकसान झालेलं असतं. कार्ड खणात सरळ सरकवायचं, दोन्ही बाजूंच्या दांड्या एकाच वेळी आत दाबायच्या. अडलं तर जोर करायचा नाही, बाहेर काढून बघायचं. जोर केला आणि बॅकप्लेनची एक पिन वाकली, तर एका कार्डासाठी अख्खा चासिस बदलावा लागू शकतो. आणि जे खण रिकामे राहतील त्यांना झाकणाची पट्टी लावायची. ते शोभेसाठी नसतं. उघड्या खणातून पंख्यांची हवा निसटते आणि कार्डांवरून जायची ती जातच नाही.

फायबर आणि लेबलांबद्दल थोडक्यात. फायबरच्या टोकात डोळा घालून ‘प्रकाश येतोय का’ बघायचं नाही, कारण त्यातला प्रकाश १३१० किंवा १५५० नॅनोमीटरचा असतो आणि डोळ्याला साधारण ७०० च्या पुढचं दिसत नाही. अंधारच दिसेल, इजा मात्र होईल. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लेबल लावायचं. एका टोकाला लावलेलं लेबल अर्धंच.

इतकं टिपण वाचून झालं की मी ते काढून घेते आणि लिहायला सांगते. इथून पुढे मराठीचा तास.

पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे असंच लिहितात : ‘चासिस रॅकमध्ये ठेवला जातो व स्क्रूने घट्ट केला जातो.’ शुद्धलेखन अगदी बरोबर. पण कोण ठेवतं? किती जण? कुठे, तळाला की वर? ‘ठेवला जातो’ या क्रियापदात माणूसच नाहीसा होतो. आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीची ही जुनी खोड आहे. विज्ञानाच्या प्रयोगवहीतही ‘परीक्षानळी घेतली जाते’. मी फळ्यावर एवढंच लिहिते, ‘कोणी?’ दुसऱ्या खेपेला वाक्य येतं : ‘दोघांनी दोन बाजूंनी धरून चासिस खालच्या कंसावर टेकवा.’ लांबी तितकीच, पण आता त्या वाक्यावर काम करता येतं.

मग क्रियापदं. टेकवणे, सरकवणे, दाबणे, अडकवणे, धरवणे, पिळणे, आवळणे. वर्गात नेहमी पहिल्या तीनात असणाऱ्या मुलींनी सगळीकडे ‘घट्ट करणे’ लिहिलं होतं. आणि एरवी शेवटच्या बाकावर बसणारा, वडिलांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजवर जाणारा मुलगा लिहितो, ‘सगळे स्क्रू आधी दोन-दोन आटे धरवा, मग कर्णातले समोरासमोरचे आवळा.’ कर्णातले समोरासमोरचे! हे माझ्या टिपणात नव्हतंच. चाकाचे नट असे आवळतात हे त्याला घरून माहीत होतं. त्या दिवशी वर्गाने त्याच्याकडून एक शब्द आणि एक युक्ती घेतली. ज्या घरांत हाताने काम चालतं त्या घरांतली मराठी या बाबतीत आपल्या स्टाफरूममधल्या मराठीपेक्षा श्रीमंत आहे, आणि आपला निबंध तिला वर्गात कधी बोलावतच नाही.

तांत्रिक शब्दांबाबत माझा हट्ट उलटा आहे. रॅकला ‘मांडणी’ आणि स्लॉटला ‘खाच’ म्हणायला लावू नका. कामाच्या ठिकाणी जो शब्द ऐकू येणार तोच लिहू द्या, फक्त देवनागरीत. नाव इंग्रजीतून आलं तरी चालेल, वाक्य मात्र मराठी हवं.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का सांगते? आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आयटीआय करून टॉवर आणि एक्स्चेंजची उपकरणं बसवणाऱ्या ठेकेदाराकडे लागला. हात सोन्यासारखा. वर सांगितलेलं निम्मं मला त्याच्याकडूनच कळलं. सहा वर्षं झाली, अजून हेल्परच आहे. काम संपल्यावर एक अहवाल द्यावा लागतो : काय बसवलं, कुठल्या यूवर, कुठल्या खणात कुठलं कार्ड, अर्थिंग तपासलं का, काय राहिलं. तो अहवाल लिहिणारा वेगळा येतो, आणि पगार त्याला जास्त. मी विचारलं, “तू का लिहीत नाहीस?” म्हणाला, “बाई, काम सगळं येतं. लिहायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.” अहवाल इंग्रजीत असतो हे खरं. पण अडचण इंग्रजीची नंतरची. ‘सुरुवात कुठून करायची’ ही अडचण कुठल्याही भाषेतली आहे, आणि ती सोडवण्याचं काम दहा वर्षं मराठीच्या तासाचं होतं. त्या दहा वर्षांत त्याने ‘मी फूल झालो तर’ लिहिलं, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिला. त्याने केलेलं एखादं काम लिही, असं त्याला कोणी म्हटलं नाही. उपकरणासोबत आलेलं जाडजूड माहितीपुस्तकही तो वाचत नाही, जुना कारागीर सांगेल तसं करतो. जुना कारागीर चांगला भेटला म्हणून ठीक. न भेटला तर त्या ४८ व्होल्टच्या टोकांशी त्याची ओळख कशी होणार?

पालकांचा आक्षेप मला माहीत आहे. गेल्या वर्षी एका पालकांनी सरळ विचारलं, “मॅडम, आमच्या मुलाला वायरमन करायचंय का तुम्हाला?” मी त्यांना म्हटलं, मुलगा डॉक्टर झाला तरी त्याला ऑपरेशनची नोंद लिहायची आहे, वकील झाला तरी घटनाक्रम लिहायचा आहे. क्रम, कारण आणि माप ही तीन हत्यारं सगळ्यांनाच लागतात. पण खरं सांगू का, त्या प्रश्नातला ‘वायरमन’ हा शब्द ज्या सुरात आला तोच मला जास्त खटकला. ज्याच्या जोडणीवर तुमचा मोबाइल, बँक आणि मुलाचा ऑनलाइन क्लास चालतो, त्याच्या कामाचं नाव आपण घरात शिवीसारखं वापरतो, आणि मग मुलाकडून ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहून घेतो.

शिक्षकांचा आक्षेप वेगळा : हे अभ्यासक्रमात कुठे आहे? उपयोजित लेखनात पत्र आहे, जाहिरात आहे, बातमी आहे. कृतिवर्णन मोठ्या वर्गांत कुठे दिसत नाही. हातांनी शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम मांडली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि मुलं प्रत्यक्ष काम करत शिकू लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायला सांगितलं आहे. हे सगळं मला मोलाचं वाटतं. पण बहुतेक शाळांत हाताचं काम वेगळ्या तासात राहतं आणि भाषेचा तास आपला वेगळा. मुलं सुताराकडे जाऊन येतात आणि परत आल्यावर आपण लिहायला काय देतो? ‘आमची क्षेत्रभेट’. सकाळी आम्ही सर्व जण शाळेत जमलो, खूप मजा आली. रंध्याचा एक शब्द नाही.

कसं करायचं, तेही सांगते. खरा चासिस आणायची गरज नाही आणि मुलांना चालू उपकरणाजवळ तर अजिबात न्यायचं नाही. बऱ्याच शाळांच्या संगणक कक्षात भिंतीवर एक छोटा रॅक असतो, काही ग्रामपंचायतींत भारतनेटची पेटी असते. ती लांबून, जाणकार माणसासोबत दाखवा. हात न लावता यू मोजायला सांगा. वर्गात पुठ्ठ्याच्या दोन उभ्या पट्ट्या करा आणि त्यावर ५/८, ५/८, १/२ या अंतराने भोकं पाडा. बुटांचं खोकं म्हणजे चासिस, जुन्या वह्यांचे पुठ्ठे म्हणजे कार्डं. एक गट लिहील, दुसरा गट लिहिलंय तेवढंच करील. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा नियम. ‘चासिस उचला’ एवढंच लिहिलं असेल तर उचलून उभं राहायचं, पुढचं वाक्य येईपर्यंत. आमच्याकडे एक मुलगा खोकं धरून चार मिनिटं उभा होता, कारण लिहिणाऱ्या गटाने ‘टेकवा’ लिहिलंच नव्हतं. वर्ग हसून लोळला, आणि त्यानंतर टेकवा कुणी विसरलं नाही.

गुण मी असे देते. क्रम बरोबर असेल तर चार. प्रत्येक महत्त्वाच्या पायरीचं कारण दिलं असेल तर तीन. मापं आणि संख्या दोन. शुद्धलेखनाला एक, होय, एकच. कारणांचे तीन गुण मिळवणं सगळ्यात अवघड जातं, कारण ‘अर्थिंग आधी जोडा, कारण ते महत्त्वाचे आहे’ असं लिहून मुलं सुटका करून घेतात. ‘महत्त्वाचे आहे’ हे माझ्या वर्गात कारण म्हणून चालत नाही.

यंदा नववीतल्या एका मुलीने रिकाम्या खणांबद्दल लिहिलं, ‘रिकाम्या खणांना झाकण लावा, कारण वारा आळशी असतो, सोपी वाट दिसली की तिकडूनच निघून जातो आणि कार्डं तापत बसतात.’ मी तिला कारणांचे पूर्ण तीन गुण दिले. आमच्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, सूचनेत ‘आळशी’ वगैरे चालत नाही, अर्धा गुण कापा. मी कापलेला नाही. तुम्ही काय कराल, ते सांगा.